खाँसाहेबांचा बदललेला आवाज

“आपला गळा गाण्याचा नव्हे” असें म्हणून तंबोऱ्याला कायमची गवसणी घालणारी मंडळी घरोघरीं आढळतात. त्यांच्यासाठीं आज उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या चरित्रांतील एक प्रकरण सांगतों.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालीं राजपुतान्यांत उणियारा येथें झाला. पुढें रतलामजवळील आमलेटा येथें दरबारी गवई असतां गाण्याच्या अतिश्रमानें त्यांचा आवाज बसला. कांहीं काळानें तो परत आला खरा, परंतु पूर्वीचें तेज त्यांत राहिलें नाहीं. गवयाचें सर्वस्व म्हणजे गळा. तोच बदलल्यावर करावें काय?

गेलेल्या आवाजाची नक्कल न करतां, उरलेल्या आवाजाला काय साधतें हें पारखून त्यांनीं नवी गायकी घडविली. मोकळा आकार, लयीला धरून चालणारी पेंचदार तान आणि दमसास यांवर तिची उभारणी झाली. हीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. कोल्हापुरांत तिला शाहू महाराजांचा आश्रय लाभला. १९२२ सालीं महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस आले. तेथेंच १९४६ सालीं त्यांचें निधन झालें. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकीय शिष्यांच्या अगदीं निराळ्या गळ्यांतूनही ती गायकी खुलली.

तात्पर्य, मेहनतीनें आवाज सुधारतो, परंतु तो आपलाच राहतो. दुसऱ्याचा अथवा स्वतःचा कालचा आवाज मागत बसण्यापेक्षां, आज आहे त्या आवाजांत षड्ज नीट लावावा. आणि गळ्यास ताण पडूं लागतांच थांबावें.