पाकटांचं पाळणाघर

मंडळी, पाकट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बाजारातला चपटा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. त्याच्या गोतावळ्यातला सगळ्यात मोठा म्हणजे मांटा रे. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटर भरू शकतात! हा प्राणी बघायला लोक जगभर पाण्यात बुड्या मारत फिरतात. पण त्याची पिल्लं वाढतात कुठे, याबद्दल अगदी अलीकडेपर्यंत फारच कमी माहिती होती. पिल्लू दिसणं म्हणजे लॉटरीच.

आता जरा मेक्सिकोच्या आखातात जाऊ. टेक्सासच्या किनाऱ्यापासून शंभर मैलांहून जास्त आत, समुद्राच्या तळातून वर आलेले काही उंचवटे आहेत. तळाखालचं प्राचीन मीठ वर सरकत गेलं आणि त्याने जमीन उचलली, असे ते तयार झाले. वर प्रवाळ वाढलं. जुन्या काळी मासेमारांना नितळ पाण्यातून खाली रंगच रंग दिसायचे, म्हणून नाव पडलं फ्लॉवर गार्डन बँक्स. १९९२ साली अमेरिकन सरकारने हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला. तेव्हापासून तिथले कर्मचारी आणि हौशी डायव्हर पाण्यात उतरायचे, मांटा दिसला की फोटो काढायचे, तारीख लिहायची आणि ठेवून द्यायचं. मांटाच्या पोटावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्यामुळे पोटाचा एक चांगला फोटो म्हणजे त्याचं ओळखपत्रच.

तर झालं असं की २०१६ साली जोशुआ स्टुअर्ट नावाचा संशोधक तिथे मांटाच्या डीएनएचे नमुने घ्यायला गेला. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत तो पीएचडी करत होता. पाण्याखाली त्याला एक लहान नर दिसला. हा गडी एकदम खूश, कारण इतकी वर्षं मांटाच्या मागे फिरूनही पिल्लं त्याने मोजकीच पाहिली होती. वर येऊन सांगितलं, तर तिथल्या लोकांना त्याचं काहीच विशेष नाही. त्यांना ती नेहमीच दिसायची!

मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यात आवडते. एकाकडे नोंदी होत्या, दुसऱ्याकडे प्रश्न होता, आणि दोघांची गाठ पडली.

पण 'इथे पिल्लं दिसतात' एवढ्यावर एखाद्या जागेला पाळणाघर म्हणता येत नाही. २००७ साली शार्कच्या अभ्यासकांनी त्यासाठी तीन अटी मांडल्या होत्या. पिल्लं इतर ठिकाणांपेक्षा तिथे जास्त दिसायला हवीत. ती तिथे बराच काळ राहायला किंवा परत परत यायला हवीत. आणि हे वर्षानुवर्षं घडत राहायला हवं. आम्हा आयटीवाल्यांना हे टेस्ट केससारखं वाटेल.

पहिली अट एखाद्या मोसमात तपासता येईल. तिसरीचं काय करणार? त्यासाठी जुन्या नोंदीच हव्यात, आणि त्या मागच्या तारखेने तयार करता येत नाहीत. इथे मात्र २५ वर्षांचे फोटो कपाटात पडून होते. स्टुअर्ट आणि अभयारण्याच्या संशोधन प्रमुख एमा हिकरसन यांच्या गटाने ते सगळे तपासले. तिथले सुमारे ९५ टक्के मांटा वयात न आलेले निघाले, सरासरी रुंदी २.२५ मीटर. तिन्ही अटी पास. २०१८ च्या जूनमध्ये 'मरीन बायॉलॉजी' या नियतकालिकात निबंध आला.

पिल्लं तिथेच का, यावर त्यांचा अंदाज असा: बाजूलाच खोल समुद्र, तिथे खायला भरपूर सूक्ष्म जीव, पण पाणी गार. खाऊन झालं की उंचवट्यावरच्या उथळ, उबदार पाण्यात यायचं आणि अंग शेकायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर मांटाची मादी वर्षभर गर्भ सांभाळते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू देते. दुसरीकडे, औषध म्हणून विकायला त्याच्या कल्ल्यांसाठी त्याची शिकार होते. घटलेली संख्या भरून यायला खूप काळ लागतो. २०१८ च्याच जानेवारीत अमेरिकेने महाकाय मांटाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं. अशा वेळी पिल्लांची जागा माहीत असणं म्हणजे राखण नेमकी कुठे करायची ते माहीत असणं. २०२१ साली या अभयारण्याची हद्द ५६ चौरस मैलांवरून १६० वर गेली.

असो. पहिला फोटो काढून तारीख लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने फक्त नोंद नीट ठेवली. पुढचं सगळं त्या नोंदीवर उभं राहिलं.