ऑरग्रीव्हची लढाई

१७. ऑरग्रीव्हची लढाई : ब्रिटिश कलावंत जेरेमी डेलर (जन्म १९६६) यांची कलाकृती. थॅचर सरकारच्या खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध १९८४-८५ मध्ये कोळसा कामगारांनी वर्षभर संप केला. १८ जून १९८४ रोजी साउथ यॉर्कशरमधील ऑरग्रीव्हच्या कोक कारखान्याबाहेर घोडेस्वार पोलीस संपकऱ्यांवर चालून गेले. ९५ जणांवर गुन्हे दाखल झाले. मात्र पोलिसांच्या साक्षी टिकल्या नाहीत आणि खटले बारगळले. दूरचित्रवाणीवर दगडफेक आधी आणि घोडे नंतर, असा उलटा क्रम दाखवला गेला, ही कामगारांची जुनी तक्रार. डेलर यांनी १७ जून २००१ रोजी, आर्टएंजल या संस्थेच्या पाठबळावर, ती चकमक ऑरग्रीव्हमध्येच पुन्हा घडवून आणली. भाग घेणारे सुमारे हजार. त्यांतले बहुतेक एरवी ऐतिहासिक लढाया हौसेने वठवणारे, तर दोनशेच्या आसपास माजी खाणकामगार. त्यांच्यापैकी काहींनी चक्क पोलिसांचा गणवेश चढवून ढाली हाती घेतल्या. राजेरजवाड्यांच्या लढायांच्या पंगतीला संपाची चकमक नेऊन बसवणे, हाच या खटाटोपाचा राजकीय अर्थ. जुन्या जखमेवरची खपली काढणे, असे डेलर यांना अभिप्रेत होते. सलोखा घडवण्याचा आव त्यांनी आणला नाही. माइक फिगिस यांनी या प्रयोगावर चित्रपट केला. संबंधित कागदपत्रे व वस्तूंचा संग्रह टेट संग्रहालयाकडे आहे. (संपा.)