नकुशी (नाव)

नकुशी हे प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रात आढळणारे मराठी स्त्रीनाम आहे. नकुसा, नकोशी व नकुसाबाई ही त्याची अन्य रूपे होत. ‘नको असलेली’ हा त्याचा सरळ अर्थ असून, पाठोपाठ मुली जन्मलेल्या घरात पुढील अपत्य मुलगा व्हावा या अपेक्षेने ते ठेवले जाई.

व्युत्पत्ती

‘नको’ या नकारदर्शक शब्दाला सादृश्यवाचक प्रत्यय लागून नकोसा, नकोशी, नकोसे हे विशेषण सिद्ध होते. हवासा, हवीशी, हवेसे ही त्याची विरुद्धार्थी रूपे. बोलीत ‘को’चा ‘कु’ होऊन नकुशी हे रूप रूढ झाले. नकुसा हे रूप पुल्लिंगी विशेषणाशी जुळणारे असले, तरी विशेषनाम म्हणून ते स्त्रियांचेच असते.

प्रथा व आशय

हीनार्थी नावे मुलग्यांनाही ठेवली जात. मुले दगावणाऱ्या घरात नवजात मुलाला नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे देण्याची रूढी होती. नकुशीची गणना पुष्कळदा याच वर्गात केली जाते, परंतु ती योग्य नाही. दगडू हे नाव त्या मुलाच्याच आयुष्यासाठी ठेवलेले असते. नकुशी या नावातील मागणे मात्र जिला ते मिळाले तिच्यासाठी नसून अद्याप न जन्मलेल्या भावासाठी असते. हजेरीपटापासून शिधापत्रिकेपर्यंत ते नाव वागवावे लागते ते मात्र तिलाच.

तमिळमधील वेंडाम (नको), हरियाणा व राजस्थानातील भतेरी (पुरे) ही याच अर्थाची नावे आहेत. चिनी भाषेतील लायदी या स्त्रीनामात तर धाकट्या भावाला थेट बोलावणेच आहे.

नामांतर

२०११ च्या जनगणनेत भारतातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९१९ मुली आढळल्या. २००१ मध्ये हे प्रमाण ९२७ होते. या पार्श्वभूमीवर सातारा जिल्ह्यात हे नाव असलेल्या मुलींचा शोध घेण्यात आला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे झालेल्या समारंभात २८५ मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. ऐश्वर्या, सावित्री, वैशाली ही त्यांतील काही नावे होत.

स्टार प्रवाह वाहिनीवर २०१६ मध्ये ‘नकुशी – तरीही हवीहवीशी’ ही मालिका सुरू झाली.