बालाजी घाटावरून दिसणारी आगगाडी : इ. स. १९०५ ची एक प्रतिकृती

'काशीस जावे, नित्य वदावे' असे आपले पूर्वज म्हणत. या वचनात जाण्यापेक्षा वदण्यावर भर आहे आणि तो सकारण आहे. पुण्या-नाशिकहून येथे पोहोचावयास जेव्हा महिने लागत आणि परतण्याची शाश्वती नसे, तेव्हा बहुतेकांची काशी वदण्यातच राहून जाई. हे वचन वेळापत्रकात उतरले ते आगगाडीमुळे. काशी आणि महाराष्ट्र यांच्या संबंधांविषयी लिहिताना आपण पेशवेकालीन घाटांचे आणि अहिल्याबाईंनी इ. स. १७८० मध्ये उभारलेल्या विश्वेश्वराच्या मंदिराचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे ज्या लोहमार्गाने येथे आले, त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. गेली काही वर्षे सरकारी कामातून उरलेल्या वेळात प्रस्तुत लेखक बालाजी घाटावरील एका जुन्या घरात त्या मार्गाच्या अखेरच्या टप्प्याची प्रतिकृती बांधीत आहे. त्या निमित्ताने हाती आलेला इतिहास मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

अशा प्रतिकृतींचा छंद मराठी माणसास नवा नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. सिग्नल, पूल, रस्ते यांसह तेथील नगरी पाहून लहानथोर सारखेच थक्क होतात. ती नगरी कल्पनेतील आहे. याहून निराळा मार्ग इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयाचा. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून तेथे गेलेल्या रॉय इंग्लंड या गृहस्थांनी, डोळ्यांदेखत नाहीशी होणारी गवती छपरांची खेडी निदान प्रतिकृतीत तरी टिकावीत, या हेतूने १९५४ मध्ये त्या संग्रहालयाचा पाया घातला. प्रस्तुत उद्योगास स्फूर्ती पुण्याची आणि शिस्त पेंडनची आहे.

प्रथम मार्गाचा इतिहास पाहू. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास उत्तरेत आले ते पायी, आणि परतले तेही गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते सर्वांस परिचित आहेच. पुढे अवघ्या काही वर्षांत चित्र पालटले. कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे १८६२ मध्ये काशीसमोरच्या तीरापर्यंत आली. मार्च १८७० मध्ये मुंबईची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जबलपूर येथे तिला मिळाली आणि मुंबईकर यात्रेकरूस मुगलसरायपर्यंत (२०१८ पासून हे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) रुळावरून येता येऊ लागले. मात्र काशी समोर दिसत असता मध्ये गंगा होती. ती नावेने अथवा नावांच्या पुलावरून ओलांडावी लागे. हा शेवटचा अडसर दूर केला तो अवध-रोहिलखंड रेल्वेने १८८७ मध्ये राजघाटास बांधलेल्या डफरिन पुलाने. १९४८ मध्ये त्यास पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव मिळाले. बालाजी घाटावर उभे राहून गंगेच्या प्रवाहाच्या दिशेने पाहिले असता हा पूल आजही दिसतो.

ऐतिहासिक प्रतिकृतीत पहिला आणि सर्वांत कठीण निर्णय वर्षाचा असतो. 'जुना काळ' असे म्हणून भागत नाही. दिवे, वेश, डबे, इमारती, सर्व त्या एका वर्षाशी जुळले पाहिजेत. आम्ही डिसेंबर १९०५ निवडला. वंगभंगानंतर लगेच काशीत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या एकविसाव्या अधिवेशनाचे अध्यक्षपद नामदार गोखले यांनी भूषविले, ते याच महिन्यात. वर्ष ठरताच बाकीच्या गोष्टी आपोआप ठरत गेल्या. शेजारच्या पंचगंगा घाटावरील मशिदीचे दोन्ही उंच मनोरे, ज्यांस काशीकर 'धरहरा' म्हणत, १९०५ मध्ये उभे होते. विसाव्या शतकातच ते नाहीसे झाले. आजच्या छायाचित्रावरून घाट बांधला असता, तर आकाशाची रेषाच खोटी ठरली असती. पुलाचेही तसेच. आज खालून गाडी आणि वरून रस्ता जातो. परंतु हे दुमजली रूप मागाहूनचे आहे.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. जगभर प्रचलित असलेले १:८७ हे प्रमाण आम्ही स्वीकारले. डफरिन पुलास ३५६ फुटांचे सात आणि ११४ फुटांचे नऊ गाळे होते. एकंदर लांबी ३,५१८ फूट. सत्त्याऐंशीने भागले तरी ती चाळीस फुटांहून अधिक भरते, आणि आमची खोली सोळा फुटांची. म्हणून दोन मोठे गाळे पूर्ण प्रमाणात, प्रत्येकी सुमारे सव्वा मीटरचे, बांधले आणि उरलेले मागील पडद्यावर लहान होत जाणारे रंगविले. रुळांची अडचण निराळी होती. या प्रमाणाचे बाजारातील तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. ते युरोपातील ४ फूट साडेआठ इंची मार्गाशी जुळतात. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, त्यास १९.३ मिलिमीटर हवेत. पावणेतीन मिलिमीटरांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु त्यानेच आपली गाडी परकी दिसू लागते. तेव्हा रूळ हातांनी बसविले आणि डब्यांचे आंस रुंद करून घेतले. इंजिनाचे धुराडे आणि घुमट काशीच्या लाकडी खेळण्यांच्या खराद्यांनी कातून दिले. त्यांच्या पिढीजात कौशल्यापुढे आमची मोजपट्टी ओशाळली.

आता गाडी. प्रतिकृती पाहणाऱ्याची दृष्टी इंजिनावर खिळते, पण इतिहास डब्यांत बसलेला असतो. पहिला, दुसरा, मधला आणि तिसरा असे वर्ग त्या काळी होते. प्रवाशांची खरी गर्दी तिसऱ्यात, म्हणून आमच्या गाडीतही अधिक डबे तिसऱ्याचेच. हा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. फेब्रुवारी १९०२ मध्ये गांधीजी कलकत्त्याहून राजकोटला निघाले, ते काशीला उतरत, मुद्दाम तिसऱ्या वर्गाने. त्यांच्या आत्मकथेत नोंद आहे की, गोखल्यांनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. पण हेतू समजताच पुऱ्या आणि लाडू भरलेला डबा त्यांना दिला आणि निरोप देण्यास ते स्वतः स्टेशनवर गेले. रेल्वेची अनास्था आणि उतारूंच्या वाईट सवयी या दोहोंवर गांधीजींनी बोट ठेवले आहे.

डबे बांधताना १८९० च्या रेल्वे कायद्यातील चौसष्टावे कलम फार उपयोगी पडले. प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखावा, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणारी असेल तर अशा एका कप्प्यास शौचकूप असावा, अशी त्यात आज्ञा होती. पहिल्या नजरेस हे रुक्ष कलम. पण त्याच कप्प्यातून आपल्या कित्येक पणज्या आल्या. त्यांत यात्रा करून, झाळलेला गंगेचा गडू घेऊन, घरी मावंदे घालण्यास परतणाऱ्या सुवासिनी होत्या, तशाच परतीचे तिकीट न काढलेल्या विधवाही होत्या. आगगाडीने काशी जवळ आणली हे खरे, पण ती सर्वांस सारखी जवळ आणली नाही. एकीस ती आठवड्याची यात्रा झाली, दुसरीस जन्माची वस्ती. बालाजी घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागातील मराठी वस्तीचा इतिहास सरदारांच्या दानपत्रांतून जेवढा कळतो, तेवढाच या एकेरी तिकिटांतूनही कळावयास हवा. आमच्या गाडीत तो कप्पा इंजिनाहून अधिक काळजीने केला आहे.

एक वाद येथे नमूद करणे इष्ट. देखाव्यास बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या शहनाईची साथ असावी, असा स्नेह्यांचा आग्रह होता. खाँसाहेबांनी याच बालाजी मंदिरात वर्षानुवर्षे रियाज केला, तेव्हा आग्रह स्वाभाविकच होता. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, मुलांना ओळखीचा सूर ऐकू आला तरच ती देखाव्यापाशी थांबतील. परंतु खाँसाहेबांचा जन्म १९१६ चा. एवढ्या थोर नावासाठी जर अकरा वर्षे पुढे-मागे केली, तर मग धरहऱ्याचे मनोरे तरी कशासाठी जपावयाचे? अखेर नगारखान्यात दोन अनाम वादक बसविले. थोर कलावंतापूर्वीही त्याच्या परंपरेतील कोणीतरी वाजवीत असतो, हे मुलांस सांगण्यास त्यामुळे निमित्त मिळाले, आणि ती थांबून ऐकतात असा अनुभव आहे.

प्रतिकृती अद्याप अपुरी आहे. तिसऱ्या वर्गाच्या दोन डब्यांतील बाके मुद्दाम रिकामी ठेवली आहेत. आपल्या घराण्यातील पहिली व्यक्ती काशीस कोणत्या साली, कोठून, कोणाबरोबर आली, तिच्याजवळ काय सामान होते, ती परत गेली की येथेच राहिली, हे ज्यांना वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असेल, त्यांनी ते अवश्य लिहून द्यावे. १९०५ पर्यंतची नोंद असेल तर बोटाच्या पेराएवढी एक आकृती त्या बाकावर बसेल. नंतरची असेल तर ती नोंदवहीत राहील. ज्यांना हे सांगता येईल अशी वडील मंडळी दरवर्षी कमी होत आहेत. त्यांना विचारून घेण्याचे काम या सुवर्णमहोत्सवी वर्षातच व्हावे, एवढीच विनंती.