कीर्द, खतावणी आणि ठिपक्यांची वही

आमच्या घरातल्या लेकीसुनांमध्ये सध्या एका वहीची चर्चा चालू आहे. बुलेट जर्नलची. कुठल्या कंपनीची घ्यावी, कागद किती जीएसएमचा असावा, ठिपके बरे की चौकटी, पेन जेलचं की शाईचं... "आत्या, तू इतिहास शिकवायचीस ना, मग यावर ब्लॉगवर काहीतरी लिही," असा आग्रह झाला. खरं म्हणजे रंगीत पेनांशी माझा संबंध उत्तरपत्रिकांच्या लाल पेनापुरताच. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की यात नवं फार थोडं आहे. आणि जे जुनं आहे त्यातलं बरंचसं आपल्याकडे दुकानांत आणि दफ्तरखान्यांत होतंच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमधल्या रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांपुढे मांडली. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे, त्यातून स्वतःसाठी शोधलेला हा उपाय. वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका, पानांना क्रमांक. रोजची कामं एकाखाली एक लिहायची. कामाला ठिंब, टिपणाला आडवी रेघ, प्रसंगाला गोल. झालेल्या कामावर फुली. महिनाअखेरीस जी कामं राहिली ती नव्या पानावर पुन्हा हाताने लिहून काढायची. हे शेवटचं वाचलं आणि मला हसू आलं. 'मागील पानावरून पुढे' हे आपण किराणा दुकानाच्या वहीत किती वेळा पाहिलंय!

तर सांगायचा मुद्दा, ही जात हिशेबाच्या वहीची आहे. लुका पाचोली या इटालियन गणिती साधूचा ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्यात त्याने व्यापाऱ्याला तीन वह्या ठेवायला सांगितल्या: घडेल तसं भराभर टिपायची कच्ची वही, तारीखवार नीट लिहायचं जोर्नाले, आणि खातेवार मांडणीची मोठी वही. पानांना क्रमांक घाला, खात्यांची अकारविल्हे अनुक्रमणिका करा, आरंभी देवाचं नाव लिहा, असंही तो बजावतो. जर्नल हा शब्द हिशेबात तिथूनच रुळला.

आता आपल्याकडे बघा. कच्चं टाचण, मग रोजकीर्द, मग खतावणी, आणि शेवटी गोषवाऱ्याची तेरीज. आरंभी 'श्री'. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेल्या आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातले निवडक उतारे काढले, तेव्हा त्या खंडांच्या इंग्रजी नावात 'डायरीज' हा शब्द आला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर प्रस्तावना लिहिली. नाव ऐकून एखाद्याला वाटेल, पेशव्यांनी मनातलं काही लिहून ठेवलं असेल. तसं काही नाही! जमा, खर्च, इनाम, तैनात, कोणाला काय दिलं आणि कशापायी. पण माणसं काय करत होती हे आज आपल्याला त्या रुक्ष नोंदींतूनच कळतं. मुली विचारतात, मनातलं लिहावं की कामांची यादी? माझं मत यादीकडे झुकतं. मनातलं सगळेच थोडं सजवून लिहितात. दुधाचा हिशेब कोणी सजवत नाही.

अनुक्रमणिकेवरून आठवलं. जॉन लॉक हा तत्त्वज्ञ विद्यार्थिदशेपासून उतारे टिपून ठेवायचा. आपली पद्धत त्याने १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये छापली, इंग्रजीत ती त्याच्या मृत्यूनंतर, १७०६ मध्ये आली. शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर त्याने सगळी सूची दोन पानांत बसवली होती. माझ्या माहितीतल्या हौशी मंडळींच्या वह्यांत वेलबुट्टी असते, पण अनुक्रमणिका अर्ध्यावर सोडलेली असते. असो.

आता सामानाकडे वळू. सगळ्या मुली पेनापासून सुरुवात करतात. जुने लोक कागदापासून करत, आणि तेच बरोबर.

जुन्या कागदपत्रांसाठी दौलताबादी आणि जुन्नरी कागदाचं नाव मोठं होतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा धंदा चाले. महंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा कारागीर आले, असं परंपरेने सांगतात. चिंध्या, ताग कुजवून लगदा करायचा, जाळीवर ताव उचलायचा, वाळला की खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. म्हणून 'घोटीव कागद'. ही खळ आणि घोटणं महत्त्वाचं. त्याशिवाय शाई धाग्याधाग्यांतून पसरते, म्हणजेच टिपकागदासारखी वागते. आज मुली 'शाई फुटते' म्हणून जी तक्रार करतात तिचं उत्तर तेच: कागदाला खळ कमी पडली आहे. जाडीचा दोष नव्हे. ऐंशी जीएसएमचा नीट खळ दिलेला कागद शंभरच्या भुसभुशीत कागदापेक्षा चांगला.

जीएसएमचंही गणित सोपं आहे. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जर्मनीत १९२२ मध्ये ए मालिकेची मापं ठरली, त्यात ए-शून्यचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. ए-चारचे सोळा ताव म्हणजे एक चौरस मीटर. म्हणजे ऐंशी जीएसएमचा ए-चार कागद पाच ग्रॅम, ए-पाच अडीच ग्रॅम. दोनशे पानांची ए-पाच वही, म्हणजे शंभर ताव, पुठ्ठा सोडून पाव किलो. रोज पर्समधून नेणार असाल तर हे आधी मोजा. कागद दुप्पट जाड घेतलात, तर अर्धा किलो खांद्यावर!

ठिपक्यांच्या कागदाचं मला फारसं कौतुक वाटलं नाही, कारण आम्ही उदबत्तीने भोकं पाडलेल्या रांगोळीच्या कागदावर वाढलो. कागद अंगणात ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपके. मदत पुरती, अडचण नाही. मोडीतल्या जुन्या कागदांवर तर छापील रेघच नसे. कागदाला उभ्या घड्या पाडत, त्याच घड्यांवरून समास आणि रकाने ठरत. ज्यांना ठिपक्यांची वही महाग वाटते त्यांनी कोऱ्या वहीत हा घड्यांचा प्रयोग जरूर करावा.

ज्या जर्मन वहीसाठी सगळ्या जीव टाकतात, त्या लॉइश्टटुर्मचा जन्म १९१७ चा. नावाचा अर्थ दीपस्तंभ. आरंभी पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम करणारी ही कंपनी. तिकिटं जमवणाऱ्याला पानाचा क्रमांक आणि सूची लागतेच. या वह्यांतही अनुक्रमणिकेचं पान आणि छापील क्रमांक असतात, म्हणून कॅरोलच्या पद्धतीशी त्यांचं जमलं. मोलस्किनची कथा मात्र जरा सांभाळून ऐका. ब्रूस चॅटविनने १९८७ च्या पुस्तकात पॅरिसमध्ये मिळणाऱ्या आणि बंद पडलेल्या काळ्या वह्यांबद्दल लिहिलं, आणि मिलानच्या एका कंपनीने १९९७ मध्ये तशा वह्या बाजारात आणल्या. वही चांगली आहे, पण वंशावळ मागाहून जोडलेली.

आता शाई. इथे मला थोडं थांबायचं आहे.

पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. १२ जुलै १९६१. आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. आईची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची. पुढच्या बाजूने टाकाने आणि निळ्या शाईने लिहिलेलं: आम्हा भावंडांच्या जन्मवेळा, आजोळच्या माणसांची नावं, कोणाच्या लग्नात काय आलं-गेलं, बाळंतपणातली औषधं. मागच्या बाजूने शिसपेन्सिलीने दूध आणि धोब्याचा हिशेब. पाणी ओसरल्यावर वही चिखलातून निघाली. आईने पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली. पुढची पानं निळसर झाली होती, एक अक्षर लागत नव्हतं. मागची पानं चिखल झटकल्यावर स्वच्छ वाचता आली. १९५९ च्या मे महिन्यात धोब्याकडे किती चादरी गेल्या हे आजही सांगता येईल. माझ्या धाकट्या भावाची जन्मवेळ मात्र गेली. आईने काही नोंदी आठवून पुन्हा लिहिल्या. आजोळच्या दोन पिढ्यांची नावं तिला आठवेनात, आणि ज्यांना आठवली असती ती माणसं राहिली नव्हती.

कारण साधं आहे. पेनाची निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी आलं की तो पाण्याबरोबर जातो. शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइट म्हणजे बारीक कण. ते धाग्यांत अडकून बसतात, विरघळत नाहीत. बोरूची जुनी शाई काजळ आणि डिंकाची. काजळही कणच, उन्हाने उडत नाही. फक्त डिंक भिजला तर अक्षर फरकटतं. म्हणून रुमालाच्या कापडात बांधून कोरड्या जागी ठेवायचं. युरोपात मायफळ आणि हिराकसाची शाई वापरत. ती पक्की, पण आम्ल. काही शतकांनी कागदच खाते. संगीतकार बाखच्या हस्तलिखितांत सुरांच्या जागी भोकं पडत चालली म्हणून बर्लिनच्या ग्रंथालयाला मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली.

आमच्या पिढीची शाई म्हणजे दांडेकरांची. १९३१ मध्ये गिरगावात सुरू झालेला त्यांचा उद्योग आधी हॉर्स ब्रँडची शाईची पूड आणि वड्या विके, कॅमल नंतर आला. २०११ मध्ये तो जपानच्या कोकुयोकडे गेला. ही कोकुयो १९०५ मध्ये ओसाकात सुरू झाली ती जपानी हिशेबवह्यांची पुठ्ठ्याची वेष्टनं करत! फिरून पुन्हा खतावणीच.

बॉलपेन त्यामानाने अलीकडचं. हंगेरीच्या लास्लो बिरोने ते अर्जेंटिनात पुरं केलं, आणि १९४५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात दुसऱ्याच एका उद्योजकाचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकलं गेलं. आमच्या लहानपणी शाळेत त्याला बंदी होती, अक्षर बिघडतं म्हणून. बंदी उठली आणि अक्षर बिघडलंच, पण त्याची कारणं निराळी. तेलकट शाई पाण्याला दाद देत नाही हा तिचा गुण. उन्हात फिकटते आणि काही वर्षांनी मागच्या बाजूला डाग देते हा दोष.

नव्या पेनांत मला खरं आवडलं ते बारीक टोकाचं पिगमेंट शाईचं पेन. जपानच्या साकुरा कंपनीने १९८२ मध्ये ही शाई आणली. कण पुन्हा कणच, काजळासारखे, पण वाळल्यावर पाण्याने न हलणारे. आईच्या वहीला हे मिळायला हवं होतं. उलट घासून पुसता येणारं पेन जर्नलला चुकूनही वापरू नका. त्याची शाई साठ-पासष्ट अंश तापमानाला अदृश्य होते, म्हणजे एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत वही विसरलात की कोरी झालीच म्हणून समजा.

दुकानात गेलात तर एवढं करा. शेवटच्या पानावर आपल्याच पेनाने दोन ओळी लिहा, शाई फुटते का पाहा, पान उलटून मागे उमटतं का पाहा. नंतर घरी त्यावर पाण्याचा थेंब टाका. वही उघडून टेबलावर ठेवा. ती सपाट राहिली नाही तर बहुधा शिवण नाही, नुसता डिंक आहे, आणि पानं सुटण्याची भीती असते.

मी स्वतः गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून शिवणीची, बांधणीची साधी वही आणली. काळं पिगमेंट पेन एक, टूबी पेन्सिल एक. पानांना क्रमांक घालायला पाऊण तास लागला. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडली, आणि पाचव्यावर आजोळची जेवढी नावं आम्हा भावंडांना मिळून आठवली तेवढी लिहिली आहेत. मामेभावंडांपैकी कोणी हे वाचत असेल तर आपल्याकडची नावं कळवा, सहाव्या पानावर जागा ठेवली आहे.