पांडवलेणी: अर्जुन, भीम आणि बलश्रीचा मुलगा

आज कॉलेजची मुलं बरीच दिसतायत, म्हणून सुरुवात तुमच्या खेळांपासून करतो. मोबाईलवर, संगणकावर तुम्ही एखाद्या योद्ध्याची भूमिका घेऊन खेळता ना, त्या खेळातल्या जगाला स्वतःचा हजार-दोन हजार वर्षांचा इतिहास असतो. बुडालेलं राजघराणं, डोंगरातलं लेणं, भिंतीवर वाचता न येणारी लिपी, आणि 'हे राक्षसांनी कोरलं' असं सांगणारा गावातला म्हातारा. ते सगळं कुणीतरी बसून रचलेलं असतं. आपल्याला अंबडमध्ये काही रचायची गरज नाही. एमआयडीसीतून पाथर्डी फाट्याकडे निघा, समोर डोंगर आहे.

पांडवलेणी. एकूण 24 लेणी. वनवासात पांडवांनी ती कोरली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासवाला येतो आणि म्हणतो, छे, ही बौद्ध भिक्षूंची लेणी, डोंगराचं नाव त्रिरश्मी, पांडवांचा इथे काही संबंध नाही. मीही बरीच वर्षं असंच हात झटकून सांगत होतो.

आता भिंती काय सांगतात बघा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. त्यातले 2000 महिना शेकडा एक व्याजाने. म्हणजे वर्षाला 240. आणि खर्च काय, तर वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी 12. वीस गुणिले बारा, 240! हिशेब एका कार्षापणानेही चुकत नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही तिथेच कोरलंय.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 साली जोगळटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हं ठोकलेली. शत्रूच्या चेहऱ्यावरच शिक्का! हाच राजा अठराव्या राज्यवर्षी भिक्षूंना 200 निवर्तनं जमीन देतो, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेली. सहा वर्षांनी कळतं की ते शेत कुणी कसत नाही, गाव ओस पडलंय. मग बदली जमीन, 100 निवर्तनं. म्हणजे सरकारी जमिनीची भानगड तेव्हाही होतीच. या दुसऱ्या आज्ञेत राजाबरोबर त्याची आई आहे, आणि तिचं वर्णन आहे 'जिचा पुत्र जिवंत आहे अशी'.

हे शब्द लक्षात ठेवा. कारण त्याच तिसऱ्या लेण्यात, व्हरांड्यात, आणखी एक लेख आहे. नातू पुळुमावी गादीवर येऊन एकोणीस वर्षं झालीत. गौतमीपुत्र या जगात नाही. म्हातारी आई, गौतमी बलश्री, हे लेणं दान करते आणि भिंतीवर मुलाविषयी बोलते. त्याने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. आणि पराक्रम कुणासारखा? राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा.

अर्जुन आणि भीमसेन! म्हणजे पांडव या लेण्यात आहेत. दोघे तरी नक्कीच.

इथे घाई करू नका. या लेखावरून डोंगराला पांडवांचं नाव पडलं, असं मी म्हणत नाही. ब्राह्मी लिपी लोक कधीच विसरले होते, ती पुन्हा लागली 1837 मध्ये, जेम्स प्रिन्सेपमुळे. मधल्या शतकांत इथे येणाऱ्या गुराख्याला ती अक्षरं म्हणजे नुसते ओरखडे होते. एवढा डोंगर कोण कोरणार, या प्रश्नाला त्याच्याकडे जी नावं होती ती त्याने दिली. आपला मुलगा केवढा होता हे सांगताना राणीनेही तीच नावं घेतली. दोघांचं भांडवल एकच, महाभारत. त्या म्हाताऱ्याला अडाणी म्हणायचं तर राणीलाही म्हणावं लागेल.

पण माझी तक्रार आहेच. पांडव आले आणि बलश्री गेली. गोवर्धनचे विणकर गेले. डोंगर चढून आलेल्या शंभर जणांना विचारा, भीमाचं नाव सगळे सांगतील. जिने भीमाचं नाव तिथे कोरून घेतलं, तिचं किती जण सांगतील?

तर तिसरं लेणं. जाल तेव्हा बॅटरी न्या, आणि भिंतीला हात लावू नका. प्रश्न असतील ते आता घेऊ या.