सुईच्या पाकिटामागची गोष्ट

माझ्या लहानपणी डॉक्टर काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळून घेत. पाण्याला उकळी फुटली की जंतू मेले, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. ती पुरती खरी नव्हती. काही जिवाणू संकटकाळी बीजाणूचे रूप घेतात. चिवट कवच, आत जेमतेम पाणी आणि गाढ झोप! रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली काळपुळीच्या जिवाणूंचे असे बीजाणू दाखवून दिले. उकळत्या पाण्यातूनही पुष्कळ बीजाणू तरून जातात.

पुढे किरणोत्साराचे हत्यार हाती आले. बीजाणू त्यालाही सहजी बधेनात. शिवाय एक कोडे होतेच. बीजाणू तेच, किरण तेवढेच. तरी कधी जास्त मरत, कधी कमी. असे का?

अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत एडवर्ड पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात याचा पाठपुरावा केला. बॅसिलस मेगाटेरियमच्या कोरड्या बीजाणूंभोवतीचा वायू त्यांनी बदलून पाहिला. प्राणवायू असला की किरण अधिक घातक ठरत. तो काढून घेतला की बीजाणू अधिक टिकत. कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तर त्यांची ढालच झाला!

मला खरे नवल वाटते ते पुढचे. किरण थांबल्यानंतर प्राणवायू आत सोडला, तरीही बीजाणू मरत. त्याआधी नायट्रिक ऑक्साइड दिला, तर ही हानी टळे. किरणांनी मोडलेले रेणू कोरड्या बीजाणूत काही काळ तसेच अर्धवट राहतात. त्यांच्यापर्यंत आधी कोण पोचतो, यावर पुढचे ठरते. म्हणजे किरण फक्त घाव घालतात; निकाल पुष्कळदा रसायन देते.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नाही. कर्करोगाच्या गाठीत जिथे प्राणवायू कमी, तिथल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, हे लुई हॅरोल्ड ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली मांडले होते. तत्त्व तेच.

आपल्याकडे तुर्भ्याला १९७४ साली आयसोमेड केंद्र सुरू झाले. तिथे वैद्यकीय साहित्य बंद पाकिटातच गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागले. त्यासाठीची रूढ मात्रा २५ किलोग्रे. माणसाला सुमारे ५ ग्रेसुद्धा जीवघेणे! एवढी मात्रा लागते, ती या चिवट बीजाणूंचा हिशेब धरूनच.

आता नर्सने सुईचे पाकीट फाडले की मला तो स्टोव्ह आठवतो.